इवाई नावाचा तांदूळ

क्योटोच्या दक्षिणेला फुशिमी आहे. लोक तिथं जातात ते मुख्यतः इनारी देवळाच्या लाल कमानींसाठी. आम्ही आणखी पुढं गेलो, चुशोजिमा स्टेशनला उतरलो आणि कालव्याच्या कडेनं चालायला लागलो. फेब्रुवारीतली सकाळ, हात खिशातून बाहेर काढवत नव्हता. काळपट लाकडी भिंतींची लांबच लांब गोदामं, आणि एका गल्लीत वळलो तर एकदम भाताच्या वाफेचा वास. मी थांबलेच. धाकटी बहीण तीन वर्षं ओसाकात नोकरी करते, तिला याचं नवल नाही. ती म्हणाली, "ताई, हा साके करायचा मोसम आहे, तांदळाची दारू. सकाळी तांदूळ वाफवतात."

आम्ही मुळशीकडच्या. घरी भातशेती, बाबा अजूनही थोडा आंबेमोहर लावतात. त्यामुळं बहिणीनं साके चाखायच्या वर्गाला नाव नोंदवलं तेव्हा मला दारूपेक्षा तांदळाचं कुतूहल जास्त होतं. नोंदणीच्या पत्रातच लिहिलं होतं, परफ्यूम लावून येऊ नका. वर्गाच्या दाराशी देवदाराच्या हिरव्यागार डहाळ्यांचा एक मोठा गोळा टांगलेला होता. त्याला सुगिदामा म्हणतात. हंगामाचा नवा साके तयार झाला की ताजा गोळा टांगतात. महिने जातील तसा तो तपकिरी होत जातो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला आतला साके किती मुरला ते बाहेरूनच कळतं.

आत आम्ही सहा जण. शिकवणाऱ्या बाई साठीच्या असतील, सगळे त्यांना सेन्सेई म्हणत होते. त्यांनी पहिला अर्धा तास बाटलीला हातही लावला नाही. पहिल्यांदा पाणी प्यायला दिलं, साधं, खोलीच्या तापमानाचं. मऊ होतं, जिभेवर काही न ठेवता जाणारं. फुशिमीचं नाव पूर्वी 'जमिनीखालचं पाणी' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. गावातल्या गोकोनोमिया देवळाच्या झऱ्यावर लोक आजही कॅन घेऊन रांगेत उभे असतात, आदल्या दिवशी आम्ही पाहिलं होतं. कोबेजवळच्या नादा भागातलं पाणी त्या मानानं जड, त्यात खनिजं जास्त. तिथं यीस्ट जोरात काम करतं आणि साके करकरीत, कोरडा होतो. फुशिमीत सगळं सावकाश चालतं, म्हणून इथला साके मृदू. जुने लोक नादाच्या साकेला पुरुषी आणि फुशिमीच्या साकेला बायकी म्हणत. पाण्यात लोह मात्र कुठंच चालत नाही, रंग आणि चव दोन्ही बिघडतात.

मग त्यांनी तीन वाट्या पुढं केल्या. पहिलीत टरफल काढलेला तांबूस तांदूळ, दुसरीत थोडा पॉलिश केलेला, तिसरीत मोत्यासारखे गोल, बारीक मणी. तिसऱ्या वाटीतल्या दाण्याचा निम्म्याहून जास्त भाग घासून टाकलेला होता. दाण्याचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग उरला तर साकेला गिंजो म्हणता येतं, ५० टक्के किंवा कमी उरला तर दाइगिंजो. दाणा फुटू नये म्हणून हे घासणं इतकं हळू चालतं की निम्म्यावर यायला दोन दिवसांच्या आसपास लागतात. अर्धा दाणा घासून टाकायचा हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. आमच्याकडं भाताची कणीसुद्धा कुणी टाकत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. सेन्सेई म्हणाल्या, टाकत नाही, पहिला कोंडा जनावरांना आणि लोणच्याला जातो, नंतरच्या पांढऱ्या पिठाच्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या होतात. ते ऐकून बरं वाटलं.

घासायचं कशासाठी? दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि स्निग्धांश असतो. जेवायच्या भाताला त्यानं चव येते, साकेत त्याचा जडपणा येतो आणि फळासारखा वास दबतो. साकेच्या तांदळाचा दाणा मोठा असतो आणि त्याच्या पोटात एक पांढरा, अपारदर्शक ठिपका असतो. शिनपाकु, म्हणजे पांढरं काळीज. सेन्सेईंनी एक दाणा चिमट्यात धरून दिव्यासमोर नेला. कडेनं उजेड आरपार जात होता आणि मधोमध खडूसारखा डाग. आमच्याकडं असा पोटात पांढरा तांदूळ असला की व्यापारी भाव पाडतो, कारण तो गिरणीत तुटतो. इथं त्याच डागासाठी जास्त पैसे मोजतात, कारण तिथला स्टार्च पोकळ, सैल असतो आणि कोजीचे धागे आत शिरू शकतात.

कोजी ही बुरशी. द्राक्षात साखर आयती असते, यीस्ट तिची लगेच दारू करतं. तांदळात साखर नाही, स्टार्च आहे. वाफवलेल्या तांदळावर कोजीचे बीजाणू भुरभुरवतात, उबदार खोलीत दोनेक दिवस हातानं उलथापालथ करत सांभाळतात आणि ती बुरशी स्टार्चची साखर करत जाते. बाईंनी हातावर चिमूटभर कोजी ठेवली. पांढरी लव आलेले कोरडे दाणे, वास उकडलेल्या चेस्टनटसारखा. चावला तर आधी टणक, मग गोड. आमच्या आईनं बुरशी आलेला भात पाहिला तर भांड्यासकट घासायला टाकला असता. जपानच्या मद्यनिर्मिती शास्त्राच्या संस्थेनं २००६ साली या बुरशीला राष्ट्रीय बुरशी म्हणून मान दिला आहे. चव घेतल्यावर मला तो मान अगदी योग्य वाटला.

पुढचं सगळं मला विरजणासारखं समजत गेलं. आधी छोट्या भांड्यात यीस्ट वाढवतात, त्याला 'साकेची आई' अशा अर्थाचं नाव आहे. मग मोठ्या पिंपात भात, कोजी आणि पाणी एकदम ओतत नाहीत. चार दिवसांत तीन वेळा घालतात. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी काहीच नाही, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी वाढवत वाढवत. घाई केली तर यीस्ट विरळ होतं आणि नको ते जंतू माजतात. मधल्या रिकाम्या दिवसाला ओदोरी म्हणतात. एकाच पिंपात स्टार्चची साखर होत असते आणि त्याच वेळी साखरेची दारू. त्यामुळंच काही न उकळता, भट्टी न लावता साके २० टक्क्यांपर्यंत चढतो, नंतर पाणी घालून १५-१६ वर आणतात.

चाखायचे पेले पांढरे, तळाशी दोन निळी वर्तुळं. पांढऱ्यावर साकेचा किंचित पिवळेपणा दिसतो, निळ्यावर गढूळपणा. आधी पाहायचं, मग हुंगायचं, मग थोडासा घोट घेऊन त्यातून हवा ओढायची. दाइगिंजोला सफरचंदाचा, थोडा केळ्याचा वास होता. पिंपात फळ म्हणून काही पडत नाही, हे सगळं यीस्टचं काम. जुन्मई, म्हणजे वरून मद्यार्क न घातलेला साके, मला जास्त आवडला. त्याला भाताचा वास होता. पाचवा पेला बरीच वर्षं मुरवलेल्या साकेचा, मधाच्या रंगाचा. तो मला नाही आवडला.

यानंतर बाईंनी तोच जुन्मई तीन भांड्यांत दिला. एक गार, एक कोमट, एक गरम. जपानीत या तापमानांना नावं आहेत. ५ अंशांना बर्फाचा गारवा, १०ला फुलांचा गारवा, ३०ला ऊन, ३५ला माणसाचं अंग, आणि मग वर ५५ पर्यंत. गार पेल्यात तांदळाची चव घट्ट मिटलेली वाटली. ३५ अंशांच्या पेल्यात ती उघडली, गोडसर, मागून हलकी आंबट. मी तो पेला दोन्ही हातांनी धरून बसले होते. माझ्या तळव्याला तो गारही लागत नव्हता की गरमही. कुठं हात संपतो आणि कुठं पेला सुरू होतो ते कळत नव्हतं. त्या नावाचा अर्थ मला तेव्हा पोचला. बहीण म्हणाली, "ताई, तू रडतेयस का?" नाही म्हटलं, पण डोळे भरले होते.

हा जुन्मई इवाई नावाच्या तांदळाचा होता. इवाई म्हणजे मंगल प्रसंग, आनंदसोहळा. तो क्योटोचा स्वतःचा तांदूळ, १९३३ सालचा. साकेला उत्तम, पण रोप उंच, उतारा कमी, आणि यंत्रानं कापायला अवघड. १९७०च्या दशकात शेतकऱ्यांनी तो लावायचाच सोडला. पुढं फुशिमीच्या साके करणाऱ्यांनी आपल्या पाण्याला आपल्याच मातीतला तांदूळ हवा म्हणून प्रयत्न केले, काही शेतकरी तयार झाले आणि १९९२ला इवाईचा साके पुन्हा निघाला. भिंतीवर त्याची एक वाळलेली पेंढी टांगलेली होती. माझ्या छातीपर्यंत येईल एवढी.

त्या पेंढीपुढं मी बराच वेळ उभी राहिले. आमच्या भागात आंबेमोहराचंही हेच झालं. उंच वाढतो, पिकतो कमी, म्हणून लोक इंद्रायणीकडं वळले. बाजारात आंबेमोहर म्हणून जे मिळतं त्यातलं कितीतरी दुसरंच काही असतं. बाबा तो अजून लावतात ते आजीला त्याच्या पेजेचा वास आवडायचा म्हणून. इथं त्यांच्यासारखी माणसं होती, आणि त्यांच्या तांदळाचं नाव बाटलीवर ठळक छापलेलं होतं.

मी पेंढीचा आणि दिव्यासमोरच्या दाण्याचा फोटो बाबांना पाठवला, आणि वर्ग सुटल्यावर कालव्याच्या काठावर उभं राहून फोन लावला. तिकडं सकाळचे नऊ वाजले होते. त्यांनी साकेचं काहीच विचारलं नाही.

"एवढा उंच? वाऱ्यात आडवा पडत असेल."

"पडतो म्हणे. म्हणून तर लोकांनी सोडला होता."

"मग खत बेतानं देत असतील."

मी चमकले. सेन्सेईंनी तेच सांगितलं होतं, खत जास्त झालं की दाण्यात प्रथिनं वाढतात आणि साके बिघडतो, म्हणून शेतकरी हात आखडता घेतात. मी बाबांना तसं म्हटलं.

"हं," बाबा म्हणाले. "येताना त्या दाण्याचा फोटो मोठा करून आण. गिरणीवाल्याला दाखवतो."