थंड टायरचा आकडा

मोटारीच्या टायरमधील हवा पेट्रोल पंपावरच तपासायची, ही आपल्याकडील रूढ पद्धत आहे, आणि माझ्या मते चुकीच्या आकड्यांचे मूळ या पद्धतीतच आहे. पंपावरील यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. परंतु गाडी तिथवर चालवत नेली की टायर तापतात, आतील हवेचा दाब वाढतो, आणि मग जो आकडा दिसतो तो उत्पादकाने सांगितलेल्या आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर, किंवा काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस, जो दाब छापलेला असतो तो थंड टायरचा असतो. थंड टायर म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चाललेली असावी. म्हणूनच खिशात मावणारा डिजिटल गेज, म्हणजे हवेचा दाब मोजणारे छोटे यंत्र, घरी ठेवावा आणि तो सकाळी, गाडी जागची हलवण्यापूर्वी वापरावा, असा माझा आग्रह आहे.

वापर सोपा असला तरी हाताला वळण लागावे लागते. व्हॉल्व्हची टोपी काढून ती खिशात ठेवावी. जमिनीवर ठेवली तर तिला चिकटलेली माती पुढे व्हॉल्व्हमध्ये जाते. गेजचे बटण आधी मोकळ्या हवेत दाबून पडद्यावर शून्य उमटू द्यावे, कारण अनेक गेज सुरू होताना बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरतात. मग गेजचे तोंड व्हॉल्व्हवर सरळ आणि एका दमात दाबावे. ते टेकताच व्हॉल्व्हमधील बारीक पिन आत ढकलली जाते, क्षणभर फुस्स असा आवाज होऊन थांबतो आणि पडद्यावरील आकडा चढत जाऊन स्थिरावतो. आवाज थांबलाच नाही तर तोंड तिरपे बसले आहे असे समजावे. अशा वेळी आकडाही कमी दिसतो आणि टायरमधील हवाही वाया जाते. गेज काढून पुन्हा लावणे हा एकच उपाय आहे.

गेजच्या आत सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. दाबाने तो किंचित वाकला की त्यावरील विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून आकडा काढला जातो. पडद्यावर दशांशापर्यंत आकडा दिसतो म्हणून तो दशांशापर्यंत अचूक असतो असे मात्र मानू नये. साध्या गेजमध्ये एखाद्या पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच, हे दाबाचे एकक) फरक गृहीत धरावा. एकाच टायरवर लागोपाठ तीन वेळा मोजून आकडे अर्ध्या पीएसआयच्या आत जुळतात का, हे पाहावे. जुळत असतील तर तो गेज कामाचा आहे, आणि पुढे नेहमी तोच वापरावा. एखादे दिवशी ३३ च्या जागी अचानक २.३ किंवा २३० दिसले तर घाबरू नये; बटण जास्त वेळ दाबले गेल्याने एकक बदलून बार किंवा किलोपास्कल झालेले असते.

खरा प्रश्न पुढेच आहे. घरी आकडा कळला, पण हवा भरायला पंपावरच जावे लागते, आणि तिथे पोहोचेपर्यंत टायर गरम होतात. यावर मला पटलेली रीत अशी, की आकड्याऐवजी तूट लक्षात ठेवावी. समजा पट्टीवर ३३ आहे आणि सकाळी गेजने २९ दाखवले, तर तूट ४ ची आहे. पंपावर पोहोचल्यावर आपल्याच गेजने पुन्हा मोजावे. तिथे ३१ दिसले तर ३५ पर्यंत भरून घ्यावे. हवा भरणारा माणूस ‘साहेब, जास्त होतेय’ म्हणाला तरी ठाम राहावे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर ३३ च्या आसपास दाखवतो. याच कारणाने लांबच्या प्रवासात मधेच थांबून, आकडा वाढलेला दिसतो म्हणून गरम टायरमधील हवा कधीही सोडू नये.

हवामानाचा परिणामही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तापमान साधारण सहा अंशांनी बदलले की मोटारीच्या टायरचा दाब सुमारे एक पीएसआयने बदलतो. पुण्यात हिवाळ्यात पहाटे १० अंश आणि दुपारी ३२ अंश असले, तर गाडी न हलवताही साडेतीन पीएसआयपर्यंत फरक पडू शकतो. आणि गाडीची एकच बाजू उन्हात असेल तर त्या बाजूचे टायर जास्त दाब दाखवतात. घाट चढल्यावर आणखी एक गोष्ट घडते. गेज टायरमधील आणि बाहेरच्या हवेतील फरक मोजतो, आणि सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात बाहेरचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ दोन पीएसआयने कमी असतो. तेवढ्यापुरता आकडा वाढतो, पण तिथल्या गारव्याने तो बराचसा पुन्हा खालीही येतो.

एवढी काटेकोरी कशासाठी, तर समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यांसाठी. ताशी १२० किलोमीटर वेगाने मोटारीचे चाक सेकंदाला सतरा-अठरा फेरे घेते, आणि हवा कमी असेल तर दर फेऱ्याला टायरची कड अधिक वाकते व तापत जाते. उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास असे चालत राहिल्यास टायर फुटण्याची शक्यता वाढत जाते. शिवाय चांगला टायरही महिन्याला साधारण एखादा पीएसआय गमावतो, म्हणून चारही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. एकाच चाकाचा आकडा इतर तिघांपेक्षा वेगाने घसरत असेल, तर बारीक पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह रस्त्यावर अडकण्याआधीच लक्षात येतो.

डिकीतील स्टेपनीही याच फेरीत तपासावी. ती कमी रुंदीची, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतात, तेव्हा गेज घेतानाच त्याची कमाल मर्यादा पाहून घ्यावी.