सल्ला देताना

नाशिकच्या सातपूर-अंबड भागात वायरिंगची कामे करणाऱ्यांत परवानाधारक वायरमनही असतात आणि कुणाच्या हाताखाली नुकतीच सुरुवात केलेली मुलेही, त्यामुळे एकाच प्रश्नावर मिळणाऱ्या सल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नवी आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) सारखी ट्रिप होते, असे एका मुलाने मध्यंतरी विचारले, तेव्हा एकाने ‘बायपास कर’ म्हणून विषय संपवला आणि दुसऱ्या जाणत्याने ‘हे तुझे काम नव्हे’ असे चारचौघांत सुनावले. मला दोन्ही उत्तरांची चीड आली. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवलेली असते. ती बायपास करायला सांगणे अक्षम्य आहे. आणि अपमान झालेला मुलगा पुढच्या वेळी न विचारताच तारेला हात घालतो, हे त्या जाणत्याला कळायला हवे होते. पुरवठा बंद करून एकेक सर्किट वेगळे करावे, मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तारांचे इन्सुलेशन तपासावे, न्यूट्रलची (परतीच्या तारांची) सरमिसळ झाली आहे का ते पाहावे, एवढे सांगायला कितीसा वेळ लागतो? मेगर वापरता येत नसेल तर पॅनेल उघडू नये, हेही स्पष्ट, पण आवाज न चढवता सांगावे. शेवटी एका अनुभवी वायरमनने त्याला सोबत नेले. बाथरूमच्या सर्किटचा न्यूट्रल आरसीसीबीबाहेरच्या बारवर (जोडपट्टीवर) जोडलेला निघाला; त्यामुळे त्याचा परतीचा प्रवाह आरसीसीबीला गळतीसारखा दिसत होता.