त्वचा कशानं सैल झाली?

"तुमची त्वचा कशानं सैल झाली? तेवढं औषध सांगा." स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा आणि आतले अवयवही कडक करत जाणारा आजार, झालेल्या कुणाची तरी बहीण, कुणाचा नवरा फोनवर हेच विचारतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही.

सुरुवात बोटांपासून झाली. गार पाण्यात हात घातला की बोटं खडूसारखी पांढरी, मग निळी, मग लाल. याला रेनॉड म्हणतात आणि बहुतेकांचं प्रकरण तिथेच थांबतं. माझं थांबलं नाही. बोटं सुजली, अंगठी कापून काढावी लागली. सूज उतरली तेव्हा त्वचा हाडाला चिकटवल्यासारखी घट्ट झाली होती. मग हात, दंड, छाती. तोंड उघडायचं ते जेमतेम दोन बोटं मावतील एवढंच.

आमचे डॉक्टर दर भेटीत चिमटे काढतात. तपासणीच ती. 17 ठिकाणची त्वचा चिमटीत धरून बघायची, प्रत्येक जागेला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त 51. नापास होण्यातच सुख असलेली ही एकमेव परीक्षा. माझे गुण 29 पर्यंत चढले, दुसऱ्या वर्षी थबकले, मग उतरू लागले. आज 8 आहेत.

गोम इथेच आहे. अंगभर पसरणाऱ्या प्रकारात त्वचा पहिल्या काही वर्षांत सगळ्यात कडक होते, आणि पुढे पुष्कळांची आपली आपणच सैल पडू लागते. त्या वेळी जे चालू असेल, त्याच्या पदरात श्रेय. माझं मायकोफेनोलेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी, चालू होतं आणि मावशीनं आणलेलं तेलही. मावशीला तेलाबद्दल तिळमात्र शंका नाही. तिला हसू नका, डॉक्टरही फसलेत. पेनिसिलामाइन हे औषध वर्षानुवर्षं दिलं जायचं, कारण घेणाऱ्यांची त्वचा सुधारताना दिसे. मग काहींना रोज भरपूर आणि काहींना दिवसाआड नाममात्र, असं दोन वर्षं देऊन पाहिलं. 1999 मध्ये निकाल आला: दोन्ही गटांच्या त्वचेत फरक नाही.

त्वचेवर विसंबून मीही एक मूर्खपणा केला. हात मऊ झाले म्हणून मायकोफेनोलेट परस्पर बंद केलं. चार महिने. त्वचेला काहीही झालं नाही. पण जिन्याच्या दुसऱ्या वळणावर उभं राहावं लागू लागलं. फुप्फुसाच्या तपासणीत नळीत फुंकले तर आकडा घसरलेला, आणि तो पूर्वीच्या जागी काही परतला नाही. ती गोळी त्वचेपेक्षा फुप्फुसासाठी होती, हे मला सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. फुप्फुसात एकदा पडलेले व्रण पुसले जात नाहीत, औषधं पुढची पडझड मंदावतात. 2019 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालेलं निन्टेडनिबही तेवढंच करतं.

शिवाय घरात रक्तदाबाचं यंत्र ठेवा. पहिल्या काही वर्षांत रक्तदाब एकाएकी चढला तर मूत्रपिंडं धोक्यात असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एसीई इनहिबिटर या रक्तदाबाच्या गोळ्या येण्याआधी यातून क्वचितच कुणी वाचे. आणि "स्टेरॉइड वाढवा, लवकर मऊ होईल" असं कुणी सुचवलं, तर आधी तुमच्या संधिवाततज्ज्ञांना विचारा. मोठ्या डोसनं हेच संकट ओढवू शकतं.

एवढं ऐकल्यावर पलीकडे जरा शांतता पसरते. मग हळूच, "पण हात मऊ झालेत ना?"

झालेत. मनगटाच्या मागे आता चिमटा बसतो. बोटांवर अजून नाही, शर्टाचं वरचं बटण दुसऱ्याला लावायला सांगते.

तेल? लावते की रोज. खाज कमी होते.