टपावर संसार, रानात आंबील

पाच फूट लांब, चार फूट रुंद, कडेला चार बोटं उंचीचा कठडा आणि पोटाखाली मिटवून ठेवता येणारे चार पाय. आमच्या जुन्या बोलेरोच्या टपावर यंदा असा कॅरिअर चढला. गाडीवर असला की सामान वाहतो. उतरवून पाय उघडले की टेबल होतो, वर गादी टाकली की एका माणसापुरती बाज. वाळूजच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपात बनवून घेतला, आधी रेड ऑक्साइड आणि वर काळा ऑइलपेंट. जुन्या गाड्यांच्या टपाला कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असते. तिच्यावर आठ क्लॅम्प बसतात, मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आणि सगळं काम तेरा नंबरच्या एका पान्यावर होतं. टपाला भोक पाडायचं नाही ही माझी अट होती.

निमित्त येळवशीचं. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्या असते, बोलताना सगळे येळवसच म्हणतात. त्या दिवशी लातूर शहरात दुकानं बंद आणि रस्ते ओस, कारण सगळं गाव कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवायला गेलेलं असतं. माझं माहेर औशाजवळ. संभाजीनगरहून आम्ही चौघं जातो: मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. जाताना सामान बेताचं असतं. येताना काय काय असतं ते पुढं सांगते, पण कॅरिअर केला तो येतानासाठीच.

अमेरिकेत असे बहुउपयोगी रॅक बऱ्याचदा गाडीच्या मागे लावतात. तिकडे ट्रेलर ओढायला गाडीच्या पोटाखाली दोन इंची चौकोनी नळी बसवतात, तिच्यात रॅकचा दांडा सरकवला की झालं. सामान कमरेच्या उंचीवर राहतं, टपावर चढावं लागत नाही. नवऱ्याला तसाच हवा होता. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ती नळी नसते, आणि मागे रॅक लावला की नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. शिवाय गाडीत कायमचा बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून टपावरचा, आणि तोही पान्याने खोलून काढता येणारा.

टपावर किती चढवायचं हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि ते पान कुणी उघडत नाही. बऱ्याच गाड्यांना ही मर्यादा ५० ते १०० किलोच्या दरम्यान असते, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. आमचा लोखंडी कॅरिअरच वीस-बावीस किलोचा. ॲल्युमिनियमचा केला असता तर बराच हलका झाला असता, पण ॲल्युमिनियमचं वेल्डिंग गल्लोगल्ली होत नाही. माजलगाव-केजकडे कुठे जोड सुटला तर लोखंडाचा टाका मारणारा माणूस हमखास भेटतो. आणखी एक: हल्लीच्या पुष्कळ गाड्यांच्या टपावर ज्या चकचकीत दांड्या असतात त्या नुसत्या शोभेच्या असू शकतात. त्यांच्यावर दोरी आवळायच्या आधी पुस्तिका बघाच.

पहाटे निघालो. पाचोडच्या पुढे गाडीने सत्तरचा वेग धरला आणि टपावर कुणीतरी बासरी वाजवायला लागलं. सासूबाईंना वाटलं टायर गेलं. शहागडला गोदावरीचा पूल ओलांडून चहाला थांबलो, तिथे एक टेम्पोवाला कांद्याच्या गोण्यांवरची ताडपत्री आवळत होता. त्याने आमच्या टपाकडं एक नजर टाकली, न विचारता म्हणाला, “वाजतंय ना? म्होरच्या पाइपाला सुतळी गुंडाळा. घट्ट नको, मळसूत्रावानी, लांब लांब वेढे.” गुंडाळली, आणि आवाज थांबला. सरळ आडव्या पाइपावरून वारा जातो तेव्हा मागे त्याचे एकसारखे भोवरे सुटतात आणि पाइप गुणगुणतो. सुतळीच्या तिरक्या वेढ्यांनी त्या भोवऱ्यांची लय मोडते. मुलाला हे फिजिक्समध्ये शिकवलेलं नव्हतं. त्याने त्या टेम्पोवाल्याकडून गाठही शिकून घेतली: दोरीला मध्येच एक फास, शेवट खालच्या दांडीतून काढून त्या फासातून ओढायचा, म्हणजे हाताच्या जोरापेक्षा बराच जास्त ताण बसतो. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायची, हेही टेम्पोवाल्यानेच सांगितलं.

बीडनंतर मांजरसुंब्याला आपण सोलापूरचा हायवे सोडून केजकडं वळतो. जवळच्या कपिलधारच्या धबधब्याला जायचं दर वेळी ठरतं आणि दर वेळी राहतं, यंदाही राहिलं. इथून पुढे बालाघाटाचं पठार, कडेला तूर काढणीला आलेली, हरभरा घाट्यांवर, आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. दोन दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी. अंधार पडल्यावर या रस्त्यावर चाळीसच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

केजच्या अलीकडे एक ट्रॅक्टर उभा होता, ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा. बीड जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडीला जातात. ही टोळी एक फड संपवून दुसऱ्या कारखान्याकडं चालली होती. ट्रॉलीत खाली ज्वारीची पोती आणि जळण, त्यावर पत्र्याच्या पेट्या, पेट्यांवर गोधड्या, गोधड्यांवर लेकरं. उलटी घातलेली बाज सगळ्यांत वर, आणि तिच्या चार पायांच्या मधे पाण्याचं निळं पिंप, चूल, कोंबड्यांची डालकी. एकही गोष्ट हलत नव्हती. गाडीवर सामान लादायचे धडे मोबाइलवर बघून आलेला माझा नवरा खाली उतरून ट्रॉलीभोवती एक चक्कर मारून आला आणि मग आमच्या टपावरच्या दोन बॅगा नि सतरंज्या काढून पुन्हा लावायला लागला. जड खाली आणि मध्यावर, हलकं वर आणि कडेला. ती माणसं सहा महिन्यांचं घर असं लादून नेतात आणि जाहिरातवाले आम्हाला त्याच गोष्टीला ॲडव्हेंचर म्हणून विकतात.

अंबाजोगाईत योगेश्वरीला हात जोडून लातूरमार्गे औसा. गावात शिरताना वेशीची कमान आहे, तिथे मी आधी उतरून बघितलं. गाडी सहा फुटांच्या थोडी वर, कॅरिअर आणि सामान धरून साडेसात-आठ. कमानीतून सुटली. अडकली ती पुढे पाणंदीत. बाभळीची एक फांदी खाली आली होती, तिने ताडपत्री धरली. चार काटे आरपार गेले होते, एकेक बोटभर लांब. मुलगा टपावर चढून ते उपटत बसला. शेतातल्या विजेच्या तारांकडे मात्र मी त्याला दहादा बघायला लावलं; दोन खांबांमधे तार झोळ खाते आणि टपावर उभा राहिलेला माणूस तिच्या किती जवळ जातो ते खालून कळत नाही.

येळवशीच्या सकाळी दादाच्या पिकअपला तुरीच्या पोत्यांनी अडवलेलं होतं. मग सगळा स्वयंपाक आमच्या टपावर. भज्जीचं, म्हणजे दाणे-पालेभाज्यांच्या मिसळ भाजीचं, मोठं पातेलं, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबिलाचा माठ मात्र मायने वर चढवू दिला नाही. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ, वर लसूण-मिरची. रात्रभर मुरलेली, जरा डचमळली तरी बाहेर येणारी. माठ वहिनीच्या मांडीवर बसून आला.

रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटी, उभी होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली, दादाने “ओलगे ओलगे” म्हणत पिकात आंबील शिंपडली, आणि मग जेवायला जागा शोधायची वेळ आली तेव्हा आम्ही कॅरिअर उतरवला. आठ नट, दोन माणसं. पाय उघडून खाली लाकडाच्या चकत्या ठेवल्या, नाहीतर काळ्या मातीत पाय रुततात. वर सतरंजी टाकली आणि सगळी भांडी ओळीने मांडली. बांधावरच्या म्हाताऱ्यांपैकी एक बघत होते.

“गाडीवर बाज घिऊन हिंडता व्हय?”

“बाज पण होतीय बाबा,” मी म्हणाले.

“मग आता हिच्यावर जिऊन हितंच झोपा.”

भज्जी चार-पाच जणांच्या ताटांतली चाखली तर प्रत्येक वेगळी लागते. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाल, पातीचा कांदा, मेथी, चाकवत, आणि बेसन किती लावायचं यावर प्रत्येक घराचा हट्ट. आमच्या मायची जरा घट्ट असते, भाकरीवर बसते. जेवणं झाल्यावर त्याच कॅरिअरवर सासूबाईंनी खरोखर ताणून दिली. संध्याकाळी पोरं कडब्याची पेटती पेंढी घेऊन रानाभोवती पळाली, त्याला हेंडगा म्हणतात, तेव्हा कुठे त्या जाग्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी भाचरं घेऊन नळदुर्ग. सामान घरी होतं, म्हणून टपावर फक्त चटया, पाण्याचे जार आणि भाकऱ्यांचं गाठोडं. किल्ल्यावर बोरी नदीला बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांची शोभा कमी, पण महालातल्या खिडकीत बसलं की पाणी पायाखाली आहे हे अंगाला कळतं. उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढून वर गेलं की लांबलांबपर्यंत सपाट मुलूख दिसतो आणि तोफा इथेच का ठेवल्या ते विचारावं लागत नाही. भाचरांना किल्ल्यापेक्षा कॅरिअरवर बसून भाकरी खाण्यात जास्त रस होता. चालत्या गाडीवर बसायचा हट्ट मात्र मी एका शब्दात मोडला.

निघायच्या दिवशी अंगणात ढीग लागला. ज्वारीचं पोतं. तुरीची डाळ. हुरड्याची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, बोरं, उसाची मोळी. शेंगदाण्याची चटणी दोन बरण्या, मेतकूट, काळा मसाला. दर वर्षी मी “गाडीत जागा नाही” म्हणायचे आणि निम्मं मागे ठेवायचे. यंदा मायने टपाकडं नुसतं बोट दाखवलं.

दादा पोतं उचलून टपाकडं निघाला. मी थांबवलं, पोतं खाली, पायाशी.

“मग कॅरिअर कशाला केलाय?”

“पन्नास किलो वर गेलं तर घाटात गाडी झोके खाते, दादा. कपड्याच्या बॅगा वर टाक, त्यांच्या जागी पोतं बसतंय.”

त्याला पटलं नाही, पण लादलं तसंच. वर ऊस, कणसं, डहाळे, बॅगा. त्यावर भोकं पडलेली ताडपत्री. उसाची मोळी मागे दोन हात बाहेर येत होती, ती कोयत्याने तोडून बसवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीबाहेर डोकावणाऱ्या मालाला कायद्यात २०,००० रुपयांचा दंड आहे, आणि तेवढ्यात अख्खा फड विकत येईल, असं नवरा म्हणाला. येताना तुळजापूरला दर्शन घेऊन सोलापूर-धुळे हायवेने आलो. येरमाळ्यापुढे एका हवालदाराने हात दाखवला, ताडपत्रीचं टोक उचललं, डहाळे बघितले. “येळवशीचं हाय व्हय,” म्हणाला, मूठभर घाटे सोलून तोंडात टाकले आणि सोडून दिलं. डिझेल जाताना-येतानाचं मिळून नेहमीपेक्षा जास्त लागलं, ते अपेक्षितच होतं. वारा अडतो तेवढं इंजिन जास्त खातं. म्हणून घरी आल्यावर कॅरिअर उतरवून ठेवलाय.

पण तो इथे फार दिवस राहायचा नाही. निघताना वहिनीने त्याची लांबीरुंदी विताने मोजली होती. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे घालायला बाज कमी पडते, आणि या कॅरिअरला खालून वारा लागतो. चैत्राच्या आधी आणून द्यायचा असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. वाळवण झाल्यावर आमच्या वाटणीच्या कुरडया परत कशावर आणायच्या, ते अजून ठरलेलं नाही.