चाळिशी, खुरपं आणि डेअरीची पावती

2023 च्या दिवाळीनंतर मी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन ‘उल्लास’ म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमासाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. 15 वर्षांवरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणालाही यात शिकता येतं आणि शिकवणाऱ्याला मानधन नसतं. मुख्याध्यापकांनी ॲपवर माझी आणि नऊ बायकांची नोंद केली. तेवढं दोन दिवसांत झालं. पहिली-दुसरीच्या मुलांच्या शिकवण्या मी दहा वर्षं घेत आले होते. त्यामुळे शिकवणं आपल्याला येतं, असं मी धरून चालले होते.

वर्ग आमच्याच ओसरीवर, रात्री साडेआठला. धारा आणि भाकऱ्या आटोपून बायका यायच्या. मी प्रवेशिका, म्हणजे अक्षरओळखीची पुस्तकं, वाटली आणि पहिलं पान वाचायला लावलं. चौघीजणी पुस्तक हातभर लांब धरून गप्प बसून राहायच्या. अक्षर डोक्यात बसत नाहीये, असं समजून मी तेच तेच पुन्हा घोकून घेत राहिले. पाचव्या दिवशी मळ्यातल्या आत्या हळूच म्हणाल्या, “सूनबाई, मला हे समदं मुंग्यांगत दिसतंय गं.”

चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, म्हणून तर आपण त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. सुई ओवायला घरात नात असते, वाचायचं काही नसतं, मग चष्मा कोण घेणार? सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घेतले, तर चौघींनाही जवळचा नंबर निघाला. मोठ्या माणसांना शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी हे विचारायला हवं, असं मी आता प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते: नीट दिसतं का, नीट ऐकू येतं का, मांडी घालून बसता येतं का?

चष्मे येईपर्यंत मी फरशीवर खडूने वीतभर अक्षरं काढू लागले. त्याचा दुसराही उपयोग झाला. विळा-खुरप्याला सरावलेल्या हाताला पेन्सिलीची चिमट फार अवघड जाते, बोटं आखडतात. मोठ्या अक्षरांना सगळा हात फिरतो.

गणितात तर मीच मागे होते. अंकओळखीपासून सुरुवात करावी म्हणून 1 ते 10 लिहून दिले, तर बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकूंनी शेकडा दोन रुपयांनी सात महिन्यांचं व्याज तोंडी सांगितलं. त्यांना हिशेब येत होता, तो कागदावर कसा उतरवायचा तेवढं येत नव्हतं. मग मी प्रवेशिकेच्या जोडीला डेअरीची पावती आणायला सांगितली. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. 3.8 आणि 4.1 फॅटमधला फरक कळायला कुणालाच वेळ लागला नाही, कारण त्या फरकाचे पैसे त्यांच्या हातात पडत होते. ब्राझीलमध्ये 1963 साली पाउलो फ्रेअरे यांनी अँजिकोस गावात कामकऱ्यांना त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांवरून वाचायला शिकवलं होतं, हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं, तर आमचे कितीतरी दिवस वाचले असते.

माझी मोठी चूक जानेवारीतली. आत्यांची वेलांटी सारखी उलटी पडत होती. मी लाल पेनने गोल केला आणि मुलांशी बोलते त्याच सुरात म्हणाले, “किती वेळा सांगितलं?” त्यांची सून शेजारीच बसली होती. दुसऱ्या दिवसापासून आत्या यायच्या बंद झाल्या.

चार दिवसांनी मी त्यांच्या रानात गेले. कांद्यात खुरपणी चालली होती. माफी मागायची होती, पण शब्द सुचेना, म्हणून मीही एक खुरपं घेऊन शेजारच्या सरीत बसले. माझ्या हातून तणाबरोबर कांद्याचं रोपही उपटलं गेलं. आत्या काही बोलल्या नाहीत. सरकून माझ्यापुढे आल्या आणि खुरप्याची धार तणाच्या बुडाशी कशी आडवी धरायची, ते सावकाश दोनदा करून दाखवलं. मग माझा हात तसा वळला. त्या रात्री आत्या वर्गाला आल्या. वेलांटी मी त्यांच्यासमोर फरशीवर दोनदा काढली आणि खडू त्यांच्या हातात दिला. लाल पेन तेव्हापासून बंद आहे. चुकलेलं अक्षर सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं नाही, उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलायचं नाही. गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. अजूनही जातं.

कार्यक्रमाची परीक्षा रविवारी, 17 मार्च 2024 ला झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी 50 असे 150 गुण. दहा ते पाचमध्ये सोयीने यायची मुभा होती, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटली. आत्या जनावरांचं पाणी करून दुपारी आल्या, चाळिशी लावली आणि पूर्ण तीन तास बसल्या.

आठजणी उत्तीर्ण झाल्या. आत्यांच्या निकालावर लेखनात ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा आला. तो त्यांनी स्वतः बोट ठेवून वाचला. ‘श्य’पाशी अडखळल्या, मी थांबले. मग म्हणाल्या, “जोडाक्षरं घे आता. पण कांदा निघाल्यावर.”