पॅकहाउसच्या टेबलावर ठरलेली लायब्ररी

द्राक्षाचा हंगाम जोर धरत होता आणि आमची सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे स्क्रीनच्या तयार घटकांचा संच, काही ठरत नव्हती. काम होतं पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसचं. शेतकऱ्याचा माल गेटवर उतरल्यापासून पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत) भरून प्री-कूलिंगला, म्हणजे थंड करायला, जाईपर्यंतची सगळी नोंद वेब अ‍ॅपमध्ये घ्यायची होती. निर्यातीच्या द्राक्षात ही नोंद कुणाच्या हौसेवर सोडलेली नसते. बाग शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेत नोंदलेली असते, आणि युरोपात पोचलेल्या पेटीवरून मागे येत येत नेमकी ती बाग सापडायला हवी. आवक घेतानाच प्लॉट किंवा वजन चुकलं, तर पुढचं सगळं चुकत जातं.

आमचं ऑफिस नाशिकच्या गंगापूर रोडला, टीम लहान. रिअ‍ॅक्टमध्ये, म्हणजे वेबच्या स्क्रीन बांधायच्या एका साधनात, करायचं हे पक्कं होतं. बटणं, खाने, याद्या, तारखा मुळापासून लिहीत बसायला वेळ नव्हता, म्हणून तयार घटकांची लायब्ररी हवी होती. शेवटी तीन नावं उरली: एमयूआय, अँट डिझाइन आणि अ‍ॅडोबीची रिअ‍ॅक्ट एरिया. पहिल्या दोन्हींत रूपासकट सगळं हातात मिळतं. तिसरी फक्त वागणूक देते. कीबोर्डने कसं फिरायचं, अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने काय वाचायचं, बोट लागल्यावर काय व्हायचं हे ती सांभाळते. रंग, कडा, अंतरं आपली आपण लिहायची. सरांचा कल तयार रूपाकडे होता आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं, कारण तोडणी आमच्यासाठी थांबणार नव्हती.

ऑफिसात वाद रंगायचा तो गिटहब या कोडच्या साइटवरचे पसंतीचे तारे, बंडलचा (ब्राउझरला उतरवाव्या लागणाऱ्या कोडचा) आकार आणि काय फुकट, काय परवान्यात यावर. एमयूआयच्या डेटा ग्रिडमध्ये, म्हणजे तक्त्यात, कॉलम एका बाजूला खिळवायची सोय पैशांच्या आवृत्तीत आहे, आणि आमचं आवक रजिस्टर आडवं लांबलचक, त्यामुळे तो मुद्दा खरंच महत्त्वाचा होता. कुणीतरी २०१८ च्या नाताळची गोष्ट काढली. त्या २५ डिसेंबरला अँट डिझाइन वापरणाऱ्या कित्येक अ‍ॅपमधल्या बटणांवर अचानक बर्फ साचलेला दिसला होता. लिहिणाऱ्यांनी तो आधीच कोडमध्ये ठेवून दिला होता. लायब्ररी घेताना दुसऱ्याच्या हातात काय काय जातं ते यावरून कळतं. पण तेवढ्यावरून आज तिच्यावर काट मारणं मला पटलं नाही.

मी सुचवलं की आवकेची एकच स्क्रीन तिन्हींत बनवू आणि जिथे वापरायची तिथेच नेऊन दाखवू.

सकाळी लवकर पोचलो तेव्हा पिकअपमधून क्रेट उतरायला लागले होते. काट्याशेजारी टेबल, टेबलावर लॅपटॉप, त्याच्या बाजूला उघडं रजिस्टर. आवक घेणाऱ्या ताईंचं मराठी टायपिंग झालेलं, हात इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर बसलेला. त्यांचं रजिस्टर मराठीत, आकडे मराठीत, शेतकऱ्याला द्यायची पावतीही मराठीत.

पहिल्याच नमुन्यात त्यांनी बटणावर बोट ठेवलं. ‘नोंद जतन करा’ यावरची शिरोरेषा जागोजागी तुटली होती. इंग्रजी अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून बटणाच्या मजकुराला थोडं लेटर-स्पेसिंग आधीच दिलेलं असतं. देवनागरीत त्याच अंतराने रेघ तुटते. खान्यावरच्या छोट्या नावात ‘एकूण वजन’ मधला ऊकार खालून कापला गेला होता, कारण ओळीची उंची रोमन अक्षरांच्या हिशोबाने बेतलेली. हे थीममध्ये, म्हणजे लायब्ररीच्या रूपाच्या सेटिंगमध्ये, बदलता येतं, म्हणून नोंद घेतली आणि पुढे गेलो.

मग ताईंनी वजन टाकायला घेतलं. रजिस्टरात बघून त्यांनी ४१२ टाइप केलं. एका नमुन्यात आकडा उमटलाच नाही. दुसऱ्यात उमटला, पण खाली लाल अक्षरांत आलं: ‘कृपया संख्या भरा.’

“मॅडम, संख्याच तर भरलीय मी.”

मी कारण सांगायला लागले, तेवढ्यात त्यांनी स्क्रीनच्या वरच्या बाजूला बघितलं. तिथे दिवसाची एकूण आवक होती: १,२३६ किलो.

“हे तुम्ही मराठीत दाखवताय. मग माझे आकडे का घेत नाही?”

प्रश्न अगदी बिनतोड होता. भाषा मराठी ठेवली की ब्राउझरची इंटल ही आकडे त्या त्या भाषेत मांडायची सोय आपणहून देवनागरी आकडे दाखवते, लाखाचे स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने देते. पण उलट्या दिशेने तसं होत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या नंबर फंक्शनला ‘१२’ दिलं की ते म्हणतं ही संख्याच नाही. वेबपान ज्यात लिहितात त्या एचटीएमएलचा संख्येचा खानाही किंमत इंग्रजी आकड्यांतच ओळखतो. यात कुठल्या लायब्ररीचा दोष काढता येत नाही. पाया तसा आहे.

रिअ‍ॅक्ट एरियाच्या संख्येच्या खान्याने मात्र ४१२ घेतलं. त्याच्या माहितीपत्रकात देवनागरी अंकपद्धतीचा उल्लेख आहे हे वाचलं होतं, पण ताईंच्या हाताखाली ते चालताना बघणं वेगळंच होतं. कीबोर्ड बदलून त्यांनी इंग्रजीत साडेअडतीस टाकून बघितले, तेही घेतले, आणि खान्यातून बाहेर पडताच ते ३८.५ असे मराठीत दिसले. ताई पुढच्या क्रेटकडे वळल्या.

आत पॅकिंगच्या हॉलमध्ये टॅबवर फारसा वेळ लागला नाही. मण्याचा आकार, ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) नोंदवणाऱ्या सुपरवायझर काकूंच्या हातात मोजे. चौकोन लहान असला की शेजारचाच टिक व्हायचा. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या निकषांची २०२३ ची २.२ आवृत्ती अशा जागेला किमान २४ पिक्सेल मागते. मोज्यातल्या बोटाला ते पुरत नाहीत. आम्ही ४८ धरले.

संध्याकाळी सरांनी सरळ विचारलं, “आकडे बदलायचं फंक्शन दहा ओळींचं आहे. त्यासाठी अख्खी लायब्ररी बदलायची?”

मराठी आकडा इंग्रजीत बदलायला दहा ओळी पुरतात, हे खरंच. पण दशांश, स्वल्पविराम, अर्धवट खोडलेला आकडा, पेस्ट केलेलं वजन, मध्येच थांबलेला कर्सर हे सगळं धरलं की त्या दहा राहत नाहीत, आणि या अ‍ॅपमध्ये दर दुसरा खाना वजनाचा आहे. शिवाय शिरोरेषा, ओळीची उंची, बटणांचं माप यासाठी तयार रूप जवळजवळ सगळं बदलायचंच होतं. मग ते विकत घेतलेल्या वेळेचं गणित राहतंच कुठे? ताईंना इंग्रजी आकडे टाकायला सांगू, हाही पर्याय निघाला. त्याला मी ठाम नाही म्हटलं. रजिस्टरात एक लिपी वाचायची, दुसरीत टाइप करायचं, आणि काट्यावर गाड्यांची रांग लागलेली. चूक तिथेच होते, आणि तीच नोंद पुढे पेटीपर्यंत जाते.

सर थोडा वेळ वहीत हिशोब मांडत बसले. मालकांच्या भावाला फोन लावून त्यांनी विचारलं की आलेखांची स्क्रीन हंगामानंतर दिली तर चालेल का. ते म्हणाले, “आवक आणि पॅकिंग चालू द्या, आलेख कोण बघतंय आत्ता.” रिअ‍ॅक्ट एरिया ठरली. बटणं आणि खान्यांचं सीएसएस, म्हणजे रूप ठरवणारा कोड, माझ्याकडे आलं. फॉन्ट मुक्त घेतला, त्याच्या वेलांट्या-मात्रांना पुरेल इतकी ओळीची उंची दिली आणि लेटर-स्पेसिंग सगळीकडून काढून टाकलं.

खरी स्क्रीन बसवली तेव्हा ताईंनी एकच बदल मागितला. प्लॉटच्या नोंदणी क्रमांकात इंग्रजी आकडेच राहू द्या, कागदावर तो तसाच छापून येतो, आणि पडताळताना अक्षराला अक्षर जुळवावं लागतं. तो खाना आम्ही संख्येचा न ठेवता साध्या मजकुराचा केला.