आज रिलॅक्सेशन मस्त आहे

सोलापुरात आम्ही भूलतज्ज्ञ बहुतेक एका दवाखान्याचे नसतोच. फोन आला की बॅग उचलायची. त्या रात्रीचा फोन पूर्व भागातल्या एका छोट्या नर्सिंग होममधून होता: बावीस वर्षांची मुलगी, अपेंडिक्स फुटलेलं, उलट्या चालू. माझ्या बॅगेत दोन गोष्टी कायम असतात, नर्व्ह स्टिम्युलेटर, म्हणजे नसेला झटके देऊन स्नायू हलतात का ते बघायचं यंत्र, आणि बर्फाच्या डब्यात स्कोलिन, म्हणजे स्नायू ढिले करणारं औषध. इथे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर. हे औषध गरम जागी राहिलं की त्याचा जोर उतरतो आणि दवाखान्यांतले फ्रिज किती वेळ बंद होते ते कुणी सांगत नाही.

उलट्या चालू असलेल्या पेशंटला भूल द्यायची म्हणजे पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जायची भीती. झटकन झोपवायचं आणि मिनिटभरात श्वासनलिकेत ट्यूब घालायची. या घाईला स्कोलिन उत्तम: मिनिटभरात स्नायू ढिले, पाच-दहा मिनिटांत पुन्हा पूर्ववत. रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते फोडून टाकतं.

"घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का?" हा प्रश्न मी कितीही घाई असली तरी विचारते. वडील सही करता करता म्हणाले, "छे, कुणालाच नाही." आई घरून यायची होती.

७५ मिलिग्रॅम दिलं. पापण्यांपासून पायांपर्यंत बारीक थरथर झाली, थांबली, ट्यूब गेली. आता माझा एक हट्ट: स्कोलिनचा असर उतरलेला बघितल्याशिवाय स्नायू ढिले करणारं पुढचं औषध द्यायचं नाही. बरेच जण घड्याळ बघून देतात. मी मनगटावर करंगळीच्या बाजूला दोन इलेक्ट्रोड लावते, बटण दाबलं की चार झटके जातात आणि अंगठा चारदा आत वळायला हवा. दहा मिनिटं झाली, वळला नाही. पंधरा झाली. बॅटरी बदलली. शेवटी यंत्र स्वतःच्या मनगटाला लावलं, तर सणसणीत झटका बसला. तेवढ्यात सर्जन पोटाचे स्नायू ढिले बघून खूश होऊन म्हणाले, "मॅडम, आज रिलॅक्सेशन मस्त आहे!"

ऑपरेशन उरकलं, पोट धुतलं, टाके पडले. अंगठा ढिम्म. म्हणजे स्कोलिन फोडणारं ते एन्झाइम हिच्यात नसावं. "रिव्हर्सल द्या की," सर्जन हातमोजे काढत म्हणाले. रिव्हर्सल, म्हणजे स्नायूंचा ढिलेपणा उतरवणारं औषध, म्हणून आम्ही देतो ते निओस्टिग्मिन कोलिनेस्टरेजलाच अडवतं, म्हणजे आधीच नसलेलं आणखी दाबायचं. हे एमबीबीएसला शिकवतात. सर्जन झाल्यावर विसरायची सवलत असावी. इथे मशीनवर श्वास चालू ठेवायचा आणि वाट बघायची, एवढंच करायचं असतं. आणि झोप उतरू द्यायची नाही. अंग लुळं, पण आत माणूस टक्क जागा, ऐकतोय, दुखतंय आणि पापणीही हलवता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट. म्हणून प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाचा पंप चालू ठेवला, डोळ्यांवर पट्ट्या लावल्या, ऑक्सिजनचे सिलिंडर वॉर्डबॉयकडून दोनदा मोजून घेतले. सर्जन "काही लागलं तर फोन करा" म्हणून घरी गेले. बाहेर "ओव्हरडोस दिला" अशी कुजबुज सुरू झालीच होती.

तेव्हा आई आली. तिला मराठी बेताचंच, पण मुलगी अजून मशीनवर आहे हे कळल्यावर ती दचकली नाही. म्हणाली, "माझ्या धाकट्या भावालाबी असंच झालं होतं. हैदराबादला. हर्नियाला. पूर्ण रात्र." वडील जमिनीकडे बघत होते. नवराबायको आतेमामे भावंडं. म्हणजे तो मेहुणा त्यांचाही भाऊच.

पहाटे अंगठा किंचित हलला. चारही झटके सारखे यायला आणखी तास-दीड तास गेला. मान उचलून पाच सेकंद धरून ठेवता आली, तेव्हा ट्यूब काढली. तिने पहिलं काय विचारलं, तर मोबाईल कुठाय.

रक्त कोलिनेस्टरेजसाठी पाठवलं होतं. लॅबवाल्याचा फोन आला, "मॅडम, पेशंटनं औषध घेतलंय का?" आपल्याकडे ही टेस्ट बहुतेक फवारणीचं औषध प्यायलेल्यांसाठी होते. तिचा आकडा तसाच, जवळपास शून्य. कुटुंब आर्य वैश्य. या समाजात ही कमतरता इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. एन्झाइमच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन येतं, हेही संशोधनात सापडलंय. एरवी त्याचा काडीचाही त्रास नाही. आयुष्यभर कळणारही नाही, स्कोलिन मिळेपर्यंत.

उपाय म्हणजे एक कागद. मी चिठ्ठी लिहिली: स्कोलिन आणि त्याच एन्झाइमनं उतरणारं मिवाक्युरियम देऊ नये, घाईत ट्यूब घालायची तर रोक्युरोनियम, आणि ते उतरवायला सुगामाडेक्स मिळतं. वडिलांनी ती वाचली, घडी घातली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, नाव न घालता देता येईल का? पोरीचं बघणं चाललंय." मी समजावलं, हा आजार नाही, मुलाकडच्यांना सांगण्यासारखं यात काही नाही, पण उद्या हिचं सिझेरियन मध्यरात्री परगावी निघालं तर डॉक्टरला कसं कळणार? त्यांनी मान डोलावली. चिठ्ठी त्यांच्या खिशात गेली. मी दुसरी लिहून मुलीच्या हातात दिली आणि तिच्याच मोबाईलमध्ये फोटो काढायला लावला. ते वडिलांना आवडलं नाही, चालेल.

राहिला मुलीचा धाकटा भाऊ. त्याला हे असण्याची शक्यता चारात एक. रक्ताची एक नळी लागते, बस. मी दोनदा फोन केला. "त्याला कुठं ऑपरेशन करायचंय, मॅडम?" असं वडील दोन्ही वेळा म्हणाले.